लेझरआधी विचारलेला प्रश्न

अप्पा, तुमच्या नातीचा चष्मा काढायचं ठरलं तेव्हापासून तुमची फार आठवण येतेय. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, ती पोटात असतानाच तुम्ही गेलात. आता तिचं लग्न ठरलंय. मुलगा शेंद्र्याला कंपनीत आहे. होणाऱ्या विहीणबाई मुकुंदवाडीच्या, तोंडानं फटकळ, पण मनानं वाईट नाहीत. साखरपुड्यातच म्हणाल्या, "लेझर करून घ्या की लग्नाआधी. माझ्या भाच्यानं केलं, आता बिनचष्म्याचा गाडी चालवायलाय." पोरगी तर तयारच होती. घाबरट मीच. डोळ्याला कुणी हात लावणार म्हटलं की मी आधीच डोळे मिटून घेते.

मला सगळ्यांनी असं सांगितलं होतं की जणू पार्लरमध्ये जाऊन भुवया कोरून यायच्या आहेत. डॉक्टरांनी मात्र नीट समजावलं. लेझरनं बुबुळावरचं पारदर्शक पटल थोडं कमी करतात, म्हणून ते मुळात पुरेसं जाड आणि सारखं असावं लागतं. नंबर वर्षभर तरी बदललेला नको. नंतर डोळे कोरडे पडतात, रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात, कुणाचा थोडा नंबर उरतोही. आणि चाळिशीचा चष्मा काही त्यानं टळत नाही. पोरगी लेन्स वापरते, तर त्या काही दिवस बंद ठेवून पुन्हा या म्हणाले, कारण लेन्समुळं माप चुकतं. मग तपासणीचं चित्र बघता बघता त्यांनी विचारलं, "एका डोळ्याचं पटल खालच्या बाजूला जरा शंकास्पद वाटतंय. घरात कुणाला पटल पुढं येण्याचा त्रास होता का? सारखा नंबर बदलायचा, चष्मा लावूनही धड दिसायचं नाही, असं कुणी?"

विहीणबाई माझ्या खुर्चीला खुर्ची लावून बसल्या होत्या. मी म्हणाले, "नाही, कुणालाच नाही."

सोयरीक पक्की होईपर्यंत घरातला आजार उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. दवाखान्यातही माझी जीभ तशीच वळली. घरी पुंडलिकनगरला आले आणि करमाडच्या बाजारातलं तुमचं दुकान डोळ्यांपुढून हलेना. तुम्ही मशीनवर बसलाय, सुई माझ्यापुढं धरलीय. "ओव गं. मला एकाचे तीन दोरे दिसायलेत, कोणता धरू?" मी खिदळतेय. आई म्हणतेय, शिवून शिवून डोळे गेले. तुम्ही सारखे चष्मे बदलायचात, काच पुसून पुसून म्हणायचात, "काचच खराब हाय." मग तळहातांनी डोळे चोळत बसायचात. तुमची नात अगदी तशीच चोळते, अप्पा.

आणि तो माझा पाहण्याचा दिवस. आत्यानं माझा चष्मा काढून घेतला होता. मी चाचपडत चहा आणला आणि अर्धा बशीत सांडला. तुम्ही पाहुण्यांसमोरच माझ्यावर ओरडलात, "चष्मा घालून ये आधी! ज्यांना चालंल त्यांना चालंल." ते लोक पुन्हा आले नाहीत. मी किती दिवस तुमच्याशी बोलले नव्हते! चार लोकांत माझी शोभा केली म्हणून रागानं नुसती धुमसत होते.

शेवटी भाकरी थापता थापता मी पोरीला सगळं सांगितलं. ती जेवता जेवता थांबली. "मम्मी, हे डॉक्टरांपुढं का नाही बोललीस?"

"तुझी सासू बसली होती."

"डोळा माझा जाणार होता का सासूचा?"

तव्यावरची भाकरी करपली.

पुन्हा तपासणीला गेलो तेव्हाही विहीणबाई हौसेनं सोबत आल्या. या खेपेला मी बसायच्या आतच बोलून मोकळी झाले, "माझ्या वडलांना तसला त्रास होता. मागच्या वेळी मी खोटं बोलले." डॉक्टरांनी जुनं आणि नवं चित्र शेजारी लावून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, हिला लेझर नको. असल्या पटलावर लेझर केलं तर ते आणखी पुढं येऊ शकतं, आणि मग चष्म्यानंही नीट दिसणार नाही. डोळे चोळणं आजपासून बंद. दर काही महिन्यांनी तपासायचं, आणि वाढतंय असं दिसलं तर पटल घट्ट करायचा उपचार आहे. पोरगी डोळे पुसत होती, तेही रुमालानं हळूच टिपून. विहीणबाई रिक्षातून उतरताना तेवढं म्हणाल्या, "बरं केलं सांगितलं. घरी बोलते मी."

त्यानंतर त्यांचा फोन नाही. पोरगी चष्मा घालून नोकरीवर जाते, संध्याकाळी येते, काही विचारत नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही आणि असता तरी मी ते पाठवलं नसतं. तुम्हाला वाटलं असतं, लेक आपल्यावर गेली, खरं बोलून आली. पण फोन वाजला की मी पीठभरल्या हातानं धावते, आणि तो मुकुंदवाडीचा नसला की तिथंच उभी राहते. तेव्हा, अप्पा, क्षणभर मला वाटतं की गप्प बसले असते तर बरं झालं असतं.