दहाव्याला ठेवायचा केक

मी, श्रीमती नवसाबाई भिमाजी ताजणे, वय वर्षे सत्तर, राहणार मखमलाबाद रोड, नाशिक, आज रविवारी सकाळी चहा पिऊन, चष्मा पुसून, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप नीट नाही असं डॉक्टर म्हणतात, पण मृत्युपत्र झडपेने लिहायचं नसतं. कोणी मला धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून फशी पाडलेलं नाही. यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी तसा कागद पुढे आणला तर तो खोटा समजावा आणि आणणाऱ्याला चहासुद्धा विचारू नये.

वकीलसाहेब संतोष गायधनी यांनी मला टाईप केलेला नमुना दिला होता. घर, बँक, दागिने, सही, की झालं. "आजी, एवढं पुरे," म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, यात मी कुठे आहे?" तेव्हा हसले आणि म्हणाले, लिहा तुमच्या मनासारखं, कायद्याचं मी बघतो. म्हणून लिहिते आहे. माझं शिक्षण जुनी सातवी. चुका पोटात घालाव्यात.

१. माझ्याविषयी. आईबापांनी मुलगा व्हावा म्हणून नवस केला होता, झाले मी. नवस फेडावा तर लागला, म्हणून नाव नवसाबाई. ओझरला विमानाच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मी सव्वीस वर्षे पोळ्या लाटल्या. सोमवार ते शनिवार पहाटेपासून पीठ. त्यामुळे लग्नानंतर दोन वर्षांनी मी घरात जाहीर केलं की रविवारी मी गॅसला हात लावणार नाही. सासूबाई म्हणाल्या, "मग खायचं काय?" मी म्हटलं, "शनिवारच्या पोळ्या हायेत ना, कुस्करा." बरीच वर्षे आमच्याकडे रविवारी फोडणीची पोळीच होती. पुढे माझा एकुलता एक मुलगा समाधान बारा वर्षांचा झाला आणि म्हणाला, "आई, रविवार माझा." त्या दिवसापासून रविवारचा स्वयंपाक त्याचा. त्याचे वडील कुरकुरले, "पोरगा चूल फुंकतोय, लोक काय म्हणतील?" आणि दोनदा वाढून घेतलं. ते २००९ साली गेले.

२. घराविषयी. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढची पडवी असं हे घर मी माझ्या फंडातून बांधलं, ते माझ्या एकटीच्या नावावर आहे आणि स्वकष्टार्जित आहे. हे घर, बँकेतली ठेव आणि माझ्या चार बांगड्या मी माझी सून भाग्यश्री आणि नात वेदिका यांना निम्मी-निम्मी देते. भाग्यश्री ही माझ्या मुलाची विधवा. २०२१ साली तिने घोटीला दुसरं लग्न केलं आहे. मी तिला सूनच लिहिणार. वकीलसाहेब म्हणाले, कायद्याने आता ती सून धरत नाहीत. कायद्याने न धरू दे.

नातीचं पूर्ण नाव लिहायला पाहिजे असं वकीलसाहेब म्हणतात. कुमारी वेदिका, वय अकरा. पुढे काय लावतात मला माहीत नाही. नव्या घरी गेल्यावर शाळेत नाव बदललं असेल, बदलायलाच हवं, पोरीला तिथेच राहायचंय. पण विचारायला मला तोंड नाही. म्हणून इथे जागा मोकळी सोडली आहे: कुमारी वेदिका ____________.

३. माझे दीर रंगनाथ यांनी या घराची आशा धरली आहे हे मला ठाऊक आहे. "वैनी, सून परक्याची झाली, ताजण्यांचं घर ताजण्यातच राह्यला पाह्यजे," असं ते तीन वेळा येऊन बोलले, तिसऱ्या वेळी पेढे घेऊन. रंगनाथभाऊ, पेढे चांगले होते. तुम्हाला माझं पितळी घंगाळ देते, जे तुम्ही माझ्या लग्नापासून मागत आहात. घर नाही. भांडायला कोर्टात जाल तर पुढचं सातवं कलम तिथे मोठ्याने वाचलं जाईल, एवढं लक्षात ठेवा.

त्यांच्या पत्नीकडे, म्हणजे माझ्या जाऊबाईंकडे, माझं पुरणयंत्र १९९६ च्या होळीपासून आहे. ते त्यांनाच राहू द्यावं. म्हणजे मी दिलं असं तरी होईल.

४. शेजारीण प्रतिभा हिला माझी कॅन्टीनमधली मोठी परात, झारा आणि शिलाई मशीन. ही बाई माझ्या उपकाराखाली नाही, मी तिच्या उपकाराखाली आहे. का, ते पुढे येईल.

५. कुकरविषयी. हा पाच लिटरचा जुना कुकर, झाकणाचं रबर काढलेला, शिट्टी नसलेला, तळाला कायमचा काळा पडलेला. भंगारवाला याला हात लावणार नाही. हा भाग्यश्रीचा. सोबत डब्यातली वाळूसुद्धा. समाधान घोटीला तांदळाच्या व्यापाऱ्याकडे हिशेबनीस होता, तिथून दारणा नदीची वाळू घेऊन आला होता. सात पाण्यांनी धुतली, चाळली, कढईत भाजली. मला वाटलं पोराला वेड लागलं. मग कुकरमध्ये वाळू पसरून, वर ताटली ठेवून त्यात केकचं भांडं ठेवलं, मंद गॅसवर पाऊण तास. घरभर असा वास सुटला की शेजारची प्रतिभा वाटी मागायच्या निमित्ताने आली.

पुढे भाग्यश्री लग्न होऊन आली आणि दोघं मिळून करू लागले. रविवारी दुपारी खिचडी, टोमॅटोचं सार, भाजलेले पापड, नाहीतर पाव आणून घरची मिसळ, आणि केक कुकरमध्ये लावून सगळी पंगत आडवी. मी पडवीत झोपायची. वासाने जाग आली की समजायचं चार वाजले. घर आणि कॅन्टीन मिळून चाळीस वर्षे राबले, पण कोणी मला विचारलं की नवसाबाई, सुख म्हणजे काय, तर मी ही दुपार सांगेन.

कृती इथे लिहून ठेवते, कारण माणूस जातो आणि माप घेऊन जातो. दीड वाटी मैदा, सव्वा चमचा बेकिंग पावडर, पाऊण वाटी पिठीसाखर, एक वाटी ताजं दही, त्यात अर्धा चमचा खायचा सोडा घालून फुगू द्यायचं, अर्धी वाटी तेल, वेलची. समाधान दह्याऐवजी दोन अंडी घालायचा. दोन्ही चालतं. मध्ये झाकण उघडायचं नाही. तो मला पडवीतून ओरडून सांगायचा, "आई, डोकावू नको!" मी डोकावायचे.

६. समाधान ११ ऑगस्ट २०१७ रोजी, शुक्रवारी, घोटीहून येताना इगतपुरीच्या बाजूला पावसात मोटरसायकल घसरून गेला. वय एकतीस. वेदिका तीन वर्षांची. याच्यापुढे या कलमात मला काही लिहिता येत नाही.

७. आता ज्याच्यासाठी हा कागद लिहिला ते.

दहावा रविवारी आला. गोदावरीच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे होते, भिंतीवर पाच-सहा बसलेले, पण एक खाली येईना. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोला. मी हात जोडून बोलले, तुझ्या लेकीला सांभाळीन, तुझ्या बायकोला अंतर देणार नाही. कावळा येईना. चहा ठेवला, भजी ठेवली. तास गेला, दीड तास गेला. लोक घड्याळं बघायला लागले.

तेव्हा भाग्यश्री पुढे आली. पदराखाली स्टीलचा डबा. म्हणाली, "आई, आज रविवार आहे. त्यांना हा आवडायचा. एवढा तुकडा ठेवते." डब्यात केक होता.

रंगनाथभाऊ म्हणाले, "अंड्याचं हाय ते! पिंडावर अंडं ठेवती का?" चार माणसांत कुजबुज झाली. आणि मी, जिला त्या पोरीने आई म्हटलं होतं, मी काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते: "नवऱ्याला जाऊन दहा दिवस नाही झाले आणि तू केक भाजत बसलीस? वाढदिवस आहे का त्याचा?" आणि तिच्या हातावर फटका मारला. डबा पायऱ्यांवरून खाली गेला. केकचे तुकडे झाले. ती वाकून गोळा करायला लागली तर मी तिला दंडाला धरून उभी केली.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही निघालो. मी सगळ्यात मागे होते. वरच्या पायरीवरून वळून पाहिलं. भिंतीवरचे सगळे कावळे खाली उतरले होते. पिंडाकडे नाही. केकच्या तुकड्यांवर.

हे फक्त मी पाहिलं. देवाशपथ सांगते, मी कोणाला सांगितलं नाही. रंगनाथभाऊ महिनाभर सांगत फिरले की बायकोने सुख दिलं नाही म्हणून पोराचा जीव अडकला, कावळासुद्धा शिवला नाही. मी शेजारी बसून ऐकलं. तोंड उघडलं असतं तर मी चुकले हे कबूल करावं लागलं असतं. भाग्यश्रीच्या कानावर हे गेलं. एके सकाळी तिने पोरीला कडेवर घेतलं, एक पिशवी घेतली आणि म्हणाली, "आई, येते." मी भाजी निवडत होते. मान वर केली नाही.

वर्षभराने प्रतिभा एक दिवस माझ्यासमोर हा काळा कुकर ठेवून म्हणाली, "काकू, आता तरी ऐका. अंडं नव्हतं त्यात. दह्याचा होता. तुमच्या घरी सुतक, म्हणून माझ्याकडे केला. पहाटे पाचला आली, पाऊण तास कुकरसमोर नुसती उभी होती." सुतकातल्या बाईला प्रतिभाने आपल्या स्वयंपाकघरात घेतलं. मी तिला घाटावरसुद्धा उभी राहू दिली नाही. परात आणि झारा कशासाठी, ते आता कळलं असेल.

८. गेल्या श्रावणात मी एसटीने घोटीला गेले. भाग्यश्रीच्या घरावर पाटी आहे, शनिवार-रविवार घरगुती केक मिळतील. पलीकडच्या दुकानाच्या पायरीवर मी बराच वेळ बसले, मग उठून गेले. दारात दोन वेण्या घातलेली पोरगी उभी होती. समाधानचं कपाळ. मला म्हणाली, "आजी, साधा देऊ का चॉकलेटचा?" म्हाताऱ्या बाईला कोणीही आजी म्हणतं, हे मला कळतं. मी म्हटलं, साधा. आतून भाग्यश्रीचा आवाज आला, "वेदू, कोण आहे गं?" पोरगी म्हणाली, "कोणी नाही, गिऱ्हाईक आहे."

मी पुडा घेऊन निघाले. आत गेले नाही. एवढ्या जणांशी भांडले आयुष्यात, पण त्या उंबऱ्यावर पाय उचलेना. केक एसटीतच उघडला. तीच चव. रडू आलं म्हणून खिडकीकडे तोंड केलं.

९. माझ्या दहाव्याविषयी. वकीलसाहेब म्हणतात, मृत्युपत्र लोक तेराव्यानंतर उघडतात. म्हणून या कलमाची नक्कल प्रतिभाकडे देऊन ठेवते आहे, मी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी तिने ती सगळ्यांसमोर वाचावी.

माझ्या पिंडाजवळ चहा, भजी, पुरणपोळी काही ठेवू नये. भाग्यश्रीला कळवावं. ती आली तर तिच्या हातचा केक ठेवावा, अंड्याचा की दह्याचा ते ती ठरवेल, आणि कोणी अवाक्षर काढायचं नाही. ती नाही आली तर तिला नावं ठेवायची नाहीत. मग दर्भाचा कावळाही करायचा नाही. पिंड तसाच राहू द्यावा आणि सगळ्यांनी घरी जावं. माझा जीव अडकला तर अडकू दे. तो कशात अडकला हे एवढ्या वर्षांनी का होईना, लोकांना खरं कळू दे.

हे मी तोंडी सांगितलं तेव्हा वकीलसाहेब म्हणाले, "आजी, हे मेल्यावर कशाला? आत्ताच जाऊन सांगा ना." त्यांना काय जातंय सांगायला. पण घरी आल्यावर मी विचार केला. या कागदाची एक नक्कल घोटीला रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे. जेवढं जमतंय तेवढं करते.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. संतोष गायधनी यांनी करावी. हे मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: नाशिक. दिनांक: १९ जानेवारी २०२५, रविवार.

सही: नवसाबाई भिमाजी ताजणे

साक्षीदार:
१) दत्तू मंगळू खैरे, ओझर (कॅन्टीनमधले माझे जुने सोबती. यांना वाचताना रडायला झालं, ते मी पाहिलं नाही असं धरावं.)
२) जीवन बोडके, औषधाचे दुकान, मखमलाबाद रोड

पुरवणी

मी, वर नाव लिहिलेली नवसाबाई, दीड महिन्याने ही पुरवणी जोडते. डोकं अजून ठिकाणावर आहे.

घोटीहून पत्र आलेलं नाही, फोन आलेला नाही. रविवारी चार वाजता मला आपोआप जाग येते, पण वास नसतो. पोस्टाची पोचपावती मात्र आली आहे. तिच्यावर सही भाग्यश्रीची नाही. पोस्टमन आला तेव्हा पोरगीच दारात असेल. शाळेतल्या वहीवर काढतात तशा ठसठशीत अक्षरात, जागा पुरली नाही म्हणून शेवटचं अक्षर खाली वळवून लिहिलं आहे. म्हणजे नाव कोणी बदललं नव्हतं. भाग्यश्रीने बदलू दिलं नव्हतं.

तरी कलम दोनमधली मोकळी सोडलेली जागा पुढीलप्रमाणे भरून वाचावी: कुमारी वेदिका समाधान ताजणे.

पोचपावती या कागदाला टाचली आहे.

नाशिक, २ मार्च २०२५, रविवार.

सही: नवसाबाई भिमाजी ताजणे
साक्षीदार: दत्तू मंगळू खैरे, जीवन बोडके