बिनचूक कोपरा

४ फेब्रुवारी

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही ठीक. आई मात्र महिनाभर नीट झोपलेली नाही. तू विणलेली तिची लव्हाळ्याची चटई मधोमध फाटली आणि मी आणलेली गादी तिला सोसत नाही. अंगाखाली भट्टी पेटवल्यासारखं वाटतं म्हणते. नवी चटई पाठव म्हणून तुला तीनदा लिहिलं. तुझं दर वेळी नवं कारण! आधी लव्हाळा कोवळा होता, मग ओला होता, आता काय म्हातारा झाला? जिनं विणायला शिकवलं तिच्यासाठी तुला आठ दिवस मिळू नयेत, याचं वाईट वाटतं. तिला आता दिसत नाही गं, बोटांनीच काय ते बघते.

भाऊजींना नमस्कार. दुरुस्तीला आलेली घड्याळं तरी वेळेवर परत देतात ना?

रागावलेली, तरी तुझीच,
धाकटी

२ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा राग पोचला. सोबत चटई पाठवते आहे. लव्हाळा तुरा यायच्या आत कापला, दांडे चिरून वाळवले, विणताना पात्या ओल्या फडक्यात ठेवल्या. सगळं आईच्या शिस्तीत. मीच विणली, असं तिला सांग. एकदा नाही, दोनदा सांग.

तुझा लोभ आहेच, तो सुकू देऊ नकोस.
ताई

१३ मार्च

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

चटई मिळाली. आईनं कडेकडेनं हात फिरवला, चारी कोपरे चाचपले आणि म्हणाली, ही थोरलीची नाही. मी शपथ घ्यायची तेवढी बाकी ठेवली! तर म्हणाली, थोरली पहिल्या कोपऱ्यात एक पाती चुकून दुहेरी घेते. सात वर्षांची होती तेव्हापासून. रागावून पाहिलं, समजावून पाहिलं, शेवटी नाद सोडला. हा कोपरा बिनचूक आहे.

तिनं एवढंच विचारलंय, की तुझ्या हातांना काय झालंय.

तुझी,
धाकटी

१९ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि. (धाकटे, वाचून दाखव.)

बोटं वर्षभर वळत नाहीत. चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. औषध चालू आहे. तुझ्यापुढे कबूल करायची लाज वाटली, आई. विणणं गेलं, तर तुझं माझ्याकडे काय उरलं, असं वाटायचं.

चटई यांनी विणली. मी शेजारी बसून सांगत होते. घड्याळजीच ते, डोळ्याला भिंग लावून बसले! सासूबाईंना चूक सापडायला नको म्हणून तो कोपरा तीनदा उसवला. रागावू नकोस.

तुझी,
थोरली

२७ मार्च

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून दाखवलं. भिंगाचं ऐकून आई खूप हसली, मग रडली. मग मला पाणी आणायला लावलं, तो कोपरा भिजवला आणि उसवायला बसली. मी हाय खाल्ली. जुन्या चटईतून तिनं तुझ्या हातची एक पाती ओढून काढली, ती कोपऱ्यात दुहेरी बसवली आणि म्हणाली, आता झाली थोरलीची. जावयांना निरोप आहे, की काम चोख आहे, एवढी एकच गोष्ट राहिली होती.

एक वाजता त्या चटईवर आडवी झाली. आता पाच वाजत आलेत, मजेत घोरते आहे. माझ्या आधीच्या पत्रातलं बोलणं मनात ठेवू नकोस, ताई. मला कळायला हवं होतं.

शनिवारी आम्ही दोघी येतो. आईला तुझे हात बघायचे आहेत.

तुझी,
धाकटी