वास्साने माझा विलाप गाऊ नये

मी, ओक्सेन्या कुन्नुस, कै. मिह्केल कुन्नुसची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार कुउस्ना, सेतोमा, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. काळीज कमजोर आहे, डोके ठणठणीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही.

१. घर, सफरचंदाची बाग आणि बाष्पस्नानाची खोली मुलगा आइवार याला. विकायची झाल्यास आधी बहिणीला विचारावे.

२. छातीवर लावायचा चांदीचा मोठा ब्रोच साखळ्यांसह मुलगी माअरे हिला. माझी नणंद वास्सा हिने त्याला हात लावू नये. माझ्या लग्नापासून तिचा त्यावर डोळा आहे.

३. आईची गाणी. ती वाटून देता येत नाहीत, पण हक्काने माझी. वास्सा तेव्हा शेजारची मुलगी. आईने तिलाही माझ्याबरोबर शिकवले. पुढे मी तिच्याच भावाशी लग्न केले. राजधानीहून, तालिनहून, गाणी टिपणारे लोक यंत्र घेऊन आले, तेव्हा ओळ मी सुरू केली, बायकांनी मागून झेलली. त्यांचे साहेब म्हणाले, "छान. आता त्या बाईंना सुरू करू द्या." वास्साने तोंड उघडले आणि माझी सख्खी आई डोळे पुसू लागली. माझ्या गाण्याला तिने कधी पुसले नव्हते. रेडिओवर नाव लागले ते वास्साचे. मिह्केल म्हणाला, "अगं, बहीणच आहे ना माझी!" त्या दिवशी त्याला सूप थंडच मिळाले.

४. आमच्यात मेलेल्याला विलाप गाऊन निरोप देतात. माझा विलाप वास्साने गाऊ नये. लोक तिला लक्षात ठेवतील, मला नाही. गेल्या हिवाळ्यात अर्धांगाच्या झटक्याने तिची वाचा गेली, तरी हे कलम राहू द्यावे. मी तिला बघायला गेले होते. म्हटले, "काय वन्स, आता कोण सुरू करणार?" मी आईची एक ओळ म्हटली. एक शब्द न बोलू शकणारी वास्सा ती अख्खी ओळ माझ्यामागून गायली! जन्मात प्रथमच. जिंकल्यासारखे वाटले, पण क्षणभरच. वाकड्या झालेल्या तोंडातूनही तिचा सूर माझ्याहून सरळ होता. तेव्हापासून मी रोज जाते. मी थांबले की ती मुकी होते, म्हणून मला थांबवत नाही.

५. वास्सा माझ्याआधी गेली, तर तिचा विलाप मी गाईन. माअरे म्हणते, "आई, तुला झेपायचं नाही, शाळेतल्या बाईंना सांगू." कोणालाही सांगू नये. तिच्यासाठी दुसऱ्या कोणी रडलेले मला खपणार नाही.

वाचून पाहिले, काही खोडले नाही.

ओक्सेन्या कुन्नुस (सही)

आमच्यासमक्ष सही केली:
लेओ सारिक, शेजारी
वाल्वे लाउरिक, परिचारिका

कुउस्ना, १४ मार्च २००९