नकाशावरून उचललेली टिकली

प्रिय रंजिता,

हे पत्र सुनंदामावशीच्या हातून पाठवते आहे. ती लग्नाला अकोल्याला येते आहे. फोनवर सांगता येत नाही. तुझा फोन तिकडे स्पीकरवर असतो आणि सासूबाई शेजारीच असतात. एकटी असशील तेव्हा वाच.

इकडे थंडी पडली आहे. बाबांचा खोकला आहे तसाच. पलंग विटांवर चढवलेला आहे तो अजून उतरवला नाही. भाद्रपदात पाणी आलं होतं, खिडकीच्या गजांपर्यंत. फोनवर मी जरासा चिखल झाला म्हणाले होते.

तुला ती सभा आठवते का? तीन वर्षं झाली. तुझ्या लग्नाची बोलणी चालू होती. महापालिकेने शाळेच्या हॉलमध्ये लोकांना बोलावलं होतं. ऊनही वाढणार, पाऊसही एकदम कोसळणार, त्यासाठी शहराचा आराखडा लोकांना विचारूनच करायचा, असं पल्लवी नावाची एक मुलगी समजावून सांगत होती. जमिनीवर नकाशा अंथरला होता. घरं तापतात तिथे हिरवी खूण, पाणी शिरतं तिथे लाल. तिच्याकडचे स्टिकर अर्ध्या तासात संपले. मग बायकांनी पर्समधून टिकल्यांची पाकिटं काढली. हसत-खिदळत सगळ्या नकाशावर वाकल्या.

आपल्या शेजारच्या मालूबाईने गल्लीवर लाल टिकली लावली, नेमकी आपल्या दारावर. म्हणाली, घे मास्तरीणबाई, तुह्या घरालेबी नटवलं. मी आजूबाजूला पाहिलं. तो नकाशा महापालिकेच्या भिंतीवर लागणार होता, आणि मुलाचे मामा, मधुकरराव, तिथेच नोकरीला. नाल्याकाठचं घर म्हणून तुझी दोन स्थळं आधीच परत गेली होती. मी नखाने टिकली उचलली आणि माझ्या कपाळावर लावली. मालूबाई माझ्याकडे बघत राहिली. मग मोठ्याने म्हणाली, खरंच की, आपल्या गल्लीत कुठलं पानी? आपल्याकडं तं नळालेबी येत नाही बा! सगळा हॉल हसला. माझं अक्षर चांगलं म्हणून गल्लीचा फॉर्म माझ्याकडे होता. मी लिहिलं, दहा वर्षांत पाणी शिरलेलं नाही. खाली सही केली.

पाहुणे यायच्या आधी मालूबाईने गल्लीतल्या भिंतींना चुना दिला. गुडघ्याच्या वर पाण्याची मातकट रेघ होती ती गेली. कोणी कुरकुरलं तर म्हणायची, पोरगी गल्लीची हाय, पहिले तिले उजवू, नाल्याशी मंग भांडू. तुझ्या सासूबाईंनी विचारलं, पावसाळ्यात कसं असतं हो इथे? मी म्हटलं, काहीच त्रास नाही. मालूबाई चहा देत होती. तिनेही मान हलवली.

आराखडा झाला. जिथे लाल खुणा होत्या तिथे नाल्याला भिंत झाली, भोंगा बसला. भोंगा वाजला की माणसं उठून शाळेत जातात. भाद्रपदातल्या त्या दुपारी पलीकडच्या काठावर तो वाजला. आम्हाला स्वच्छ ऐकू आला. त्यांचा भोंगा आहे, असं म्हणून मी भाजी चिरत बसले.

मालूबाई सावद्याला लेकीकडे राहायला गेली, असं मी तुला सांगितलं. ती कुठेही गेली नाही. तिचं घर गल्लीत सगळ्यात खाली. ती जेवून झोपली होती. पाण्याच्या दाबाने दार उघडेना. बाबांनी आणि शेजारच्या मोहितने ते पहारीने फोडलं तोवर उशीर झाला होता. दिवाळीला तू येत नाहीस म्हणालीस तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

आता आराखड्यात नव्या जागा घेणार आहेत. सोमवारी यादी बंद होते. मग पाच वर्षं काही नाही. मी महापालिकेत जाऊन लिहून दिलं की आधीचं मी खोटं लिहिलं होतं. तिथल्या बाबूने दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. मॅडम, सही दोन्हींवर तुमचीच, मी कोणती खरी धरू? तो चांगला माणूस आहे, टोचून बोलला नाही. एका वर्षाचं पाणी अपवाद धरतात. आधीच्या एखाद्या वर्षाचा पुरावा हवा, भिंतीवरची जुनी रेघ किंवा तारखेचा फोटो. तोंडी सांगण्याला किंमत उरली नाही, ती मीच घालवली. दोन दिवस मी उलथन्याने भिंती खरवडते आहे. चुन्याबरोबर रेघही गळून पडते. मोहितकडे फोटो होते, त्याचा फोन पाण्यात गेला. मालूबाईच्या खालच्या घरात आता तिची सून बाळाला घेऊन राहते. बाळ सात महिन्यांचं आहे.

तुझ्या फोनमध्ये एक फोटो होता. सभेच्या आदल्या पावसाळ्यातला. पाणी आपल्या पलंगाला टेकलेलं आणि दारात मालूबाई, डोक्यावर आपला मिक्सर धरून हसते आहे. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मी तुला तो पुसायला लावला. समोर उभी होते. तू फोन छातीशी धरून बोट फिरवलंस आणि पुसला म्हणालीस. मी फोन हातात घेऊन पाहिला नाही. लहानपणी तू गोळी गिळली म्हणायचीस आणि ती उशीखाली सापडायची. त्या वेळी मी तुला मारलं आहे. आज दोन दिवस मी एवढंच मागते आहे, की तू त्या दिवशीही माझं ऐकलं नसशील. फोटो दिला तर तो मधुकररावांच्या टेबलावरून जाणार. सासूबाईंना कळणार मी त्यांच्या तोंडावर काय बोलले होते, आणि त्यांचं बोलणं तुला ऐकावं लागणार. हे सगळं मला माहीत आहे. तरी मागते. असेल तर पाठव. नसेल तर नाही एवढं तरी कळव. सोमवारी पाच वाजेपर्यंत मी महापालिकेच्या पायरीवर बसलेली असेन, फोन हातात घेऊन.

वाट पाहते.
तुझीच आई