खाल्ल्यावर दोन दिवस

शनिवार, ३ जानेवारी २०२६

आज ताराला एकट्याने भरवलं. सुबोध सर आठवडाभर नाशिकला, ऑफिसच्या कामाला. त्यांच्या बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये मी आणि तारा, पाच फुटांची बोआ सापीण. दिसायला अजगरासारखीच, पण परदेशी. सरांनी रीतसर नोंद केलेली आहे तिची.

गोठवलेला उंदीर आधी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, मग कोमट पाण्यात. लांब चिमट्याने पुढे धरला. झडप घातली तेव्हा हिसका खांद्यापर्यंत बसला.

सरांचा फोन — "हात धुतलेस? साबणाने? वास राहिला तर बोटच धरेल. आणि आता दोन दिवस तिला उचलायचं नाही. भरल्या पोटी उचललं की ओकते. समजलं ना?"

समजलं. सातवी नापास असलो तरी एवढं समजतं.

रविवार, ४ जानेवारी

गावाहून अंबादासचा व्हिडिओ कॉल. शाळेपासूनचा दोस्त. मागे चार-पाच जण. मुंबईत साप सांभाळतो म्हणून मीच सांगितलेलं.

"फेकतंस. काचेतलो साप कोण पण दाखयत. गळ्यात घाल बघू!"

ही वर्षभरातली चौथी नोकरी. आधीच्या तीन मी सोडल्या. गावात म्हणतात, हाकलला.

घातली गळ्यात. दहा मिनिटं. मागचे सगळे फोनजवळ सरकले.

बरं वाटलं.

सोमवार, ५ जानेवारी

ओकली. अख्खा उंदीर. वास घरभर. पेटी पुसली, उंदीर पिशवीत बांधून टाकला. सरांना फोनवर म्हटलं — ठीक आहे.

मंगळवार, ६ जानेवारी

पेटीतल्या पाण्यात पडून असते. काही होणार नाही.

गुरुवार, ८ जानेवारी

सरांची वही काढली. सावकाश वाचली. 'ओकली तर निदान दोन आठवडे काही द्यायचं नाही. आधी भरवलं तर पुन्हा ओकते, आणि त्यात जातेसुद्धा.'

सर तेरा तारखेला भरवणार. त्याआधी सांगायलाच हवं. सांगितलं की नोकरी गेली. परवाच आई फोनवर म्हणाली, "चार म्हयने झाले. यंदा टिकलंस हां." आवाज कसा हलका झाला होता तिचा.

सर रविवारी येतायत. समोरासमोर सांगेन. फोनवर नको.

शनिवार, १० जानेवारी

मानखुर्दला मावशीकडे जाऊन संध्याकाळी परतलो, तर सरांचे बूट दारात. सकाळीच आलेले. "अरे, मंगळवारी मला परत जायचंय, म्हणून आत्ताच भरवली. मस्त खाल्लंन बघ."

मावशीने दिलेली घावनांची पिशवी हातातच राहिली. तिथेच उभा राहून सगळं सांगितलं. कॉल, गळा, बांधून टाकलेला उंदीर, सगळं.

सर खाली बसले. "कधी ओकली?"

"सोमवारी."

"फोन होता ना रे तुझ्याकडे."

एवढंच. ओरडले असते तर बरं.

सोमवार, १२ जानेवारी

पुन्हा ओकली. या वेळी रक्त. रिक्षातून डॉक्टरांकडे. तिला न्यायची छोटी पेटी माझ्या मांडीवर, सरांचा हात झाकणावर. डॉक्टर दीप्ती मॅडम म्हणाल्या, "पहिल्यांदा ओकली तेव्हाच आणायची होती." सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. नाशिकला फोन करून कळवलं, येत नाही.

बुधवार, १४ जानेवारी

तोंड उघडं ठेवून श्वास घेते. फुसफुस आवाज येतो. इंजेक्शनं चालू आहेत. मी बॅग भरली. मग तिचं पाणी बदललं. बॅग पलंगाखाली.

शुक्रवार, १६ जानेवारी

तशीच. सर ऑफिसला गेले नाहीत. चहा करून ठेवतो, पितात.

रविवार, १८ जानेवारी

सकाळी तारा गेली.

नोंद असलेला प्राणी मेला की सरकारला कळवावं लागतं. सर लॅपटॉप उघडून बसले. "कारण लिहावं लागतं," म्हणाले.

"माझं नाव लिहा, सर."

त्यांनी टाइप केलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. 'मालकाची चूक. अननुभवी माणसावर सोडून गेला.'

खाली त्यांचं एकट्याचं नाव.