विटांवर ठेवलेली काठी

अण्णा, घरात कुत्रं आणलंय. आणून वर्ष होऊन गेलं, तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्ही जाऊन तेवीस वर्षं झाली, तेव्हा ‘राहिलं’ म्हणणं हाही एक विनोदच आहे. पण घरात काही नवीन आलं की आधी तुमच्या कानावर घालायचं ही सवय अजून सुटलेली नाही. फ्रिज बदलला तेव्हासुद्धा मी मनातल्या मनात तुम्हाला त्याची उंची सांगितली होती. कुत्र्याचं मात्र मुद्दाम लांबवलं. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून वारज्याच्या या फ्लॅटमध्ये मी एकटीच असते. शेवटचा मजला, डोक्यावर गच्ची. पिल्लू लोणी काळभोरहून आणलं. पुण्यात हवी ती पिल्लं मिळत असताना एवढ्या लांब कशाला, असं सगळ्यांनी विचारलं आणि प्रत्येकाला मी वेगळं उत्तर दिलं. खरं कारण तुम्हाला सांगावं लागणार नाही. शेतावरच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली होती, बाप कोण ते शेतमालकालाही ठाऊक नव्हतं. “ह्यो न्या ताई,” तो म्हणाला, “लई चपळ हाय. दोन महिन्याचा न्हाय झाला आन् घमेल्यावरनं उड्या मारतोय.” उड्या म्हटल्याबरोबर मी पुढे केलेला हात मागे घेतला. तरी मी त्यालाच उचललं.

आमच्या सोसायटीच्या मागे एक रिकामा प्लॉट आहे. तिथे सकाळी एक मुलगी आपल्या कुत्र्याबरोबर धावते. आयटीत नोकरी करते, त्याआधीचा एक तास ती इतरांच्या कुत्र्यांनाही शिकवते. प्लॅस्टिकच्या पाइपांचे अडथळे मांडलेले असतात. कुत्रं त्यांवरून उडतं, कापडी बोगद्यातून पार होतं, ओळीने रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी पळतं आणि ती शेजारून धावत नुसत्या हाताने त्याला वाट दाखवते. घड्याळ लावून शर्यती होतात म्हणे. ॲजिलिटी म्हणतात या खेळाला. तुम्ही असतात तर पहिल्यांदा विचारलं असतंत, “पकडायचं कोणाला असतं?” कोणालाच नाही. चोर नाही, दारूगोळा हुंगायचा नाही, गस्त नाही. दोघांनी मिळून धावायचं, बस्स. पिल्लू आणण्याआधी मी दोन महिने गच्चीच्या कठड्याशी उभी राहून ते बघत होते. मग एके दिवशी खाली गेले आणि या वयात हे जमेल का, असं विचारलं. ती हसली. “काकू, तुमचं वय चालेल. कुत्र्याचं वय महत्त्वाचं,” म्हणाली.

पिल्लाला घेऊन गेले त्या पहिल्याच दिवशी तिने मला बजावलं. “जंप अजिबात नाही हं काकू. वर्ष-सव्वा वर्ष सगळं ग्राउंडवरच. हाडांची टोकं कच्ची असतात या वयात. तिथे मार बसला ना, तर पाय वाकडाच वाढतो.” मी मान डोलावली. मला हे माहीत आहे, असं म्हणाले नाही. कसं माहीत, असं तिने विचारलं असतं.

म्हणून मग आमची शाळा स्वयंपाकघरात भरली. पहिला धडा, माझ्या तळहाताला नाक लावायचं. लावलं की उकडलेल्या चिकनचा तुकडा. दुसरा धडा पाटावरचा. आईचा तो पितळी फुल्यांचा पाट मी जपून ठेवला होता. त्यावर त्याने पुढचे दोन पाय ठेवायचे आणि मागच्या पायांनी पाटाभोवती गोल फिरायचं. कुत्र्याला आपल्याला मागचेही पाय आहेत हे ठाऊकच नसतं, ते शिकवावं लागतं, हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. जमिनीवर शिडी आडवी टाकून एकेका पट्टीपलीकडे एकेक पाय. परात पालथी घालून तिच्यावर चढायचं, म्हणजे पुढे खेळातल्या सीसॉची फळी जमिनीवर आपटली तर आवाजाला घाबरणार नाही. खालच्या मजल्यावरच्या बाई दोनदा वर येऊन “आपल्याकडे भांड्यांचं दुकान निघालंय का?” असं विचारून गेल्या. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे ‘थांब’. त्याला बसवायचं, ‘थांब’ म्हणायचं, पाठ फिरवून दहा पावलं जायचं आणि मी ‘चल’ म्हणेपर्यंत त्याने हलायचं नाही. तो थांबतो, अण्णा. सगळं अंग थरथरत असतं, शेपटी फरशी झाडत असते, पण थांबतो. माझ्यावर एवढा भरवसा आजवर कोणी ठेवला नसेल.

तुम्ही खाऊ देत नव्हतात. ‘शाब्बास’ म्हणायचात, तेही दिवसातून एकदा. खडकीच्या क्वार्टर्समध्ये सगळे तुम्हाला कुत्रेवाले म्हणूनच ओळखायचे. दारूगोळा कारखान्याच्या सुरक्षा खात्यातली कुत्री तुम्ही तयार करायचात. हाताखाली नवीन माणूस आला की त्याला तुम्ही सुनवायचात, “कुत्रं शिकतं हो. शिकवणाऱ्याचं काय ते बघा.” मी दाराआडून ऐकायचे आणि मला तुमचा फार अभिमान वाटायचा. मी अकरा वर्षांची असताना तुम्ही एक पिल्लू घरी आणलंत. पाच महिन्यांचं, काळं-तपकिरी, कान अजून अर्धे पडलेले. माणसांत वाढलं तर बरं म्हणून साहेबांची परवानगी काढून आणलं होतंत. कागदावर त्याचा नंबर होता, घरात ते नुसतं ‘पिल्लू’. ते तुमच्या पावलावर पाऊल टाकून चालायचं. “असं कुत्रं आयुष्यात एकदा मिळतं,” असं तुम्ही आईला म्हणालात. तुमच्या तोंडून असं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं, आणि ते मला झोंबलं होतं हेही आज लिहून टाकते.

तो दिवस अजून जसाच्या तसा दिसतो. आई माहेरी गेलीय. तुम्ही ड्यूटीवर आहात. मागच्या अंगणात गुलबक्षीच्या वाफ्याला विटा लावल्यात, त्या मी उपसतेय. क्वार्टर्समधल्या तीन मैत्रिणी कट्ट्यावर बसल्यात, त्यांना मी सांगून ठेवलंय की आमचं पिल्लू पोलिसांच्या कुत्र्यासारखं उडतं. दोन बाजूंना एकेक वीट, वर काठी. पिल्लू उडतं. मुली टाळ्या वाजवतात. दोन-दोन विटा. पुन्हा टाळ्या. तीन. चार. पिल्लाला धाप लागलीय, ते माझ्याकडे बघतंय, मी ‘हुप्’ म्हणते आणि ते पुन्हा धावतं. पाचव्या विटेला ते उडालं आणि पुढच्या उजव्या पायावर पडलं. ओरडलं नाही. नुसतं बसून राहिलं. मुली पळून गेल्या. मी काठी वाफ्यामागे फेकली आणि दारातल्या पायरीवर तुमची वाट बघत बसले.

“पायरीवरून घसरलं,” मी म्हणाले. तुम्ही पिल्लाचा पाय हातात घेऊन बसला होतात. “कितव्या पायरीवरून?” “वरच्या.” “चढताना की उतरताना?” “उतरताना.” मग तुम्ही थोडा वेळ मागच्या दाराकडे बघत राहिलात आणि विचारलंत, “पायऱ्या ओल्या होत्या का?” मी हो म्हटलं. तुम्ही पुढे काही विचारलं नाहीत. पाय वाकडाच वाढला. कारखान्याला लंगडं कुत्रं नको होतं. तुम्ही त्याला ओळखीच्या माणसाच्या शेतावर, लोणी काळभोरला सोडून आलात. वर्षभराने स्वतः अर्ज करून गेटवरची ड्यूटी मागून घेतलीत. निवृत्त होईपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पास बघत बसलात, पुन्हा कुत्र्याला हात म्हणून लावला नाहीत. मला त्यावरून एका शब्दाने बोलला नाहीत. तुम्हाला माझं खरं वाटलं, म्हणून मी सुटले, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

तेव्हा या पिल्लाच्या बाबतीत मी किती जपलं असेल ते तुम्हाला कळेल. सोफ्यावरून उडी मारू नये म्हणून सोफा काढून गाद्या खाली टाकल्या. तिन्ही मजले त्याला उचलून न्यायचे. वजन वीस किलो झालं तरी नेत होते, कंबर धरली तरी नेत होते. सगळं नीट केलं तर काहीतरी फिटेल, असं वाटत होतं. कोणाचं आणि कसं फिटणार होतं ते विचारू नका. पंधरा महिन्यांचा झाल्यावर, आता उड्या सुरू करायच्या म्हणून, त्या मुलीच्या सांगण्यावरून एक्स-रे काढला. हाडांची टोकं उत्तम भरली होती. पण डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून मागच्या पायांच्या खुब्यांवर बोट ठेवलं. खोबणी उथळ आहेत, म्हणाले, दोन्हीकडच्या. चालू दे, पोहू दे, वजन वाढू देऊ नका. उडी मात्र नाही. “कधीपासून चालेल?” मी विचारलं. “कधीच नाही. आणि आजी, हे जन्मतःच असतं. तुमची यात काही चूक नाही.”

चूक नाही! हे ऐकायला मी चव्वेचाळीस वर्षं जीव टाकत होते, आणि ऐकलं तेव्हा मला त्या माणसाचा राग आला. माझी चूक असती तर मला काहीतरी करता आलं असतं. इथे करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. घरी आले तर हा पाटावर दोन पाय ठेवून उभा, आज काय शिकायचं म्हणून माझ्याकडे बघतोय. मी पाट उचलून माळ्यावर टाकला. तीन दिवस त्याला काही शिकवलं नाही. तो त्या रिकाम्या जागेपाशी जाऊन बसायचा, आपलं आपण ‘थांब’ करून. ऊठ म्हटलं तरी उठायचा नाही, कारण आमचा शब्द ‘चल’ आहे आणि तो माझ्या तोंडून निघत नव्हता.

रविवारी संध्याकाळी त्याला गच्चीवर नेलं. टाकीच्या दुरुस्तीच्या विटा कोपऱ्यात पडल्या होत्या. दोन बाजूंना एकेक वीट ठेवली, वर कपडे वाळत घालायची काठी. एकदाच, असं ठरवलं होतं. वर्षभर हा कशासाठी थांबला ते त्याला एकदा तरी कळावं, असं स्वतःला सांगितलं. त्याला बसवलं, ‘थांब’ म्हटलं, काठीच्या पलीकडे दहा पावलं गेले. त्याचं अंग थरथरत होतं. मी ‘चल’ म्हटलं. तो आला, अण्णा. चारही पाय पोटाशी घेऊन, काठीच्या कितीतरी वरून आला आणि येऊन माझ्या तळहाताला नाक लावलं. इतका आनंद मला तुमच्या त्या पिल्लानंतर झाला नव्हता. मग मी दोन-दोन विटा ठेवल्या. मग तीन. समोर टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं, मुली नव्हत्या, अकरा वर्षांचं डोकंही नव्हतं. मला कुठलंच निमित्त नव्हतं.

सोमवारी सकाळी तो उठला तेव्हा मागचा डावा पाय टेकत नव्हता. आजही टेकत नाही. औषध चालू आहे. आधी जे हळूहळू होणार होतं ते आता लवकर होईल, असं डॉक्टर म्हणतात. त्या मुलीने फोन केला, “काकू, काय झालं हो त्याला?” आणि माझ्या तोंडून निघालं, “पायरीवरून घसरला.” “अय्यो, बिचारा! तुम्ही नका टेन्शन घेऊ काकू, होतं असं,” ती म्हणाली. तिने पुढे काहीच विचारलं नाही. कितवी पायरी, चढताना की उतरताना, काही नाही. फोन ठेवला आणि मी तुमचे प्रश्न बोटांवर मोजले. खरं मानणारं माणूस असं लगेच मानतं. तुम्ही तीन प्रश्न विचारले होतेत, आणि तिसऱ्यात तर उत्तरही तुम्हीच हातात दिलं होतंत. दुसऱ्या दिवशी विटा वाफ्याला परत लावलेल्या होत्या. आईने लावल्या असतील असं मी समजत आले. पण आई तर चार दिवसांनी आली.

हे कागद मी त्याच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर ड्रॉवरमध्ये ठेवणार आहे. दुसरीकडे कुठे पाठवायचे? त्या मुलीला खरं सांगायचं धाडस माझ्यात नाही, उद्याही येणार नाही. तो आत्ता माझ्या पायाशी झोपलाय, दुखरा पाय लांब करून. तुम्हाला सगळं माहीत होतं, पण माझ्या तोंडून तुम्ही कधी ऐकलं नाहीत, म्हणून लिहिते. पायऱ्या कोरड्या होत्या, अण्णा. दोन्ही वेळा.