खिडकीजवळचे दोन पट्टे

३ मार्च

माझ्या खोलीला रंग द्यायचा आहे म्हणे. विचारलं कोणी मला? रंगाऱ्याने खिडकीजवळ दोन पट्टे ओढले तेव्हा कळलं. एक पांढरा, एक सायीचा. सूनबाई म्हणाली, "आई, खोली तुमची. तुम्हीच निवडा." काय निवडू, कपाळ! दोन्ही सारखेच. पिवळट.

४ मार्च

सकाळच्या उजेडात पुन्हा पाहिले. सारखेच. एकाच डब्यातून ओढले असणार — म्हातारीला निवडल्याचं समाधान. रंगाऱ्याला तोंडावर विचारलं. "मावशी, हा पांढरा, हा सायीचा. स्वच्छ दिसतंय की." आणि सुनेकडे बघून हसला. तीही हसली.

पांढरं काय असतं ते हे मला शिकवणार! आमच्या शाळेत सिस्टर रोज कॉलर उलटी करून बघायच्या. मळकी दिसली की दिवसभर वर्गाबाहेर. पुढे पर्यवेक्षिका झाल्यावर मीही तीस वर्षं तेच केलं.

६ मार्च

चादरी वाळून आल्या. पुन्हा पिवळ्या. पाच वर्षं सांगतेय, जीभ झिजली. आज विहीणबाई आल्या होत्या. त्यांच्यासमोरच चादर उलगडली. म्हटलं, "लेकीला एवढं शिकवायचं राहिलं तुमचं." सूनबाईने माझ्या हातातून चादर घेतली आणि पुन्हा भिजत घातली.

मुलगा म्हणतो, डोळे दाखवून घे. बायकोचा वकील!

९ मार्च

नेलंच त्याने. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आधी उजव्याचं ऑपरेशन. रंगाऱ्याला तोवर थांबवलंय.

१५ मार्च

पट्टी निघाली. औषधाचे थेंब दिवसातून चार वेळा. सूनबाई घालते. हात हलका आहे तिचा. बोलत मात्र नाही.

१७ मार्च

खिडकीशी गेले. डावा डोळा झाकून नव्या डोळ्याने पट्टे पाहिले. एक पांढरा, एक सायीचा. आंधळ्यालाही कळावं इतके वेगळे. मग नवा डोळा झाकला. दोन्ही पिवळट.

मग पलंगावरची चादर ओढून उजेडात धरली. नव्या डोळ्याने पाहिली. कोपरा उलटूनही पाहिला.

पांढरी. नीळ थोडी जास्तच.

१८ मार्च

रंगारी आला. म्हटलं, सूनबाईला विचार. ती ओट्याशी होती, वळलीही नाही. म्हणाली, "सायीचाच लावा. त्याला पिवळा म्हटलं, तर निदान खरं असेल."